काकूंचे खाडे आणि माझा रिकामा कॅच

आधीच सांगते, माझी शाळा कॉन्व्हेंट. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका संपादक मंडळाने काढल्या असतील, उरलेल्या माझ्या. हा लेख खरं तर इंग्रजी विभागासाठी लिहायला घेतला होता. दोन परिच्छेद झाले आणि लक्षात आलं, की यातलं निम्मं मला मराठीतच समजलेलं आहे. इंग्रजीत लिहिणं म्हणजे भाषांतर करणं! म्हणून इकडे आले.

तर मंडळी, विषय असा. गेल्या सेमला मी दर रविवारी सकाळी सात वाजता आंघोळ करून बाहेर पडायचे. (हॉस्टेलवर रविवारी सातला गरम पाणी मिळतं, कारण बाकी सगळ्या झोपलेल्या असतात. हा शोध माझा.) कुठे जातेस म्हटल्यावर मी खरं सांगितलं, शनिवार पेठेत क्लास लावलाय, सी शार्पमधलं डेस्कटॉप प्रोग्रॅमिंग, दुसरी पायरी. रूमवर जो हशा पिकला तो अजून कानात आहे. "विंडोज फॉर्म्स? तुझ्याकडे अजून २००५ साल चालू आहे का गं?" एकीने वेब शिक म्हणून सांगितलं, दुसरीने डेटा सायन्स. तिसरी तर म्हणाली, कोड ए.आय. लिहून देतो, तू कशाला पायऱ्या चढतेस!

पायऱ्या मात्र खरंच होत्या. मनपाच्या मेट्रो स्टेशनवर उतरायचं, शिवाजी पुलावरून नदी ओलांडायची, शनिवारवाड्याच्या तटाला डावीकडे ठेवून ओंकारेश्वराच्या दिशेला आत शिरायचं. जुना वाडा, खाली दुकानं, वर जायला अंधारा लाकडी जिना. पहिल्या मजल्यावर एक लांबट खोली, चौदा पीसी, दोन पंखे आणि एक फळा. हो, फळाच. खडूचा. कॉम्प्युटर क्लासमध्ये खडूची धूळ बघून मी पहिल्या दिवशी परत फिरणार होते.

फिरले नाही, कारण माझ्या डोक्यावर चार हजार रुपयांचं ओझं होतं.

हॉस्टेलमागच्या गल्लीतल्या आपल्या काकूंची खानावळ बहुतेकांना माहीत आहे. सदतीस मेंबर, महिना ३२०० रुपये, खाडा आधी सांगितला तर त्या दिवसाचे पैसे वजा. काकू हे सगळं एका लाल वहीत लिहायच्या. सेकंड इयरच्या सुट्टीत मला समाजसेवेचा झटका आला. म्हटलं, "काकू, मी तुम्हाला सॉफ्टवेअर करून देते, वही बंद करा." दहा-बारा व्हिडिओ बघितले, अडलं तिथे ए.आय.ला विचारलं, आणि पंधरा दिवसांत एक फॉर्म तयार केला. नावं, तारखा, खाड्याच्या खुणा, खाली एक मोठं हिरवं 'सेव्ह' बटण. काकूंच्या मुलाच्या जुन्या लॅपटॉपवर तो टाकला. काकूंनी मला दोन दिवस शिरा खाऊ घातला आणि माझ्या शब्दावर वही खरंच बंद केली.

पुढे काय झालं ते जरा तपशिलात सांगते, कारण सगळा लेख त्यावरच उभा आहे. माझा प्रोग्रॅम खाडे एका साध्या सी.एस.व्ही. फाइलमध्ये लिहायचा. एके दिवशी काकूंच्या मुलाने ती फाइल एक्सेलमध्ये उघडून बघितली आणि तशीच उघडी ठेवली. एक्सेलने उघडलेल्या फाइलमध्ये दुसऱ्या प्रोग्रॅमला लिहिता येत नाही, विंडोज एक्सेप्शन देतं. ते एक्सेप्शन माझ्या प्रोग्रॅमला मिळालंही. पण मी 'ट्राय'च्या खाली एक 'कॅच' लिहिला होता आणि कॅचच्या महिरपी कंसात काय होतं? काहीच नाही. रिकामा. प्रोग्रॅम मध्येच बंद पडू नये म्हणून तसा लिहायचा, असं मी कुठेतरी बघितलं होतं. त्यामुळे काकू 'सेव्ह' दाबत राहिल्या, पडद्यावर खुणा दिसत राहिल्या, फाइलमध्ये मात्र एक अक्षर गेलं नाही. लॅपटॉप रात्री नुसता मिटला जायचा, बंद होत नव्हता, म्हणून खुणा टिकून होत्या. अकरा दिवसांनी विंडोजने अपडेट घेतलं आणि स्वतःहून रीस्टार्ट झालं. अकरा दिवसांचे खाडे गेले.

वही नव्हती. काकूंनी महिनाअखेरीला प्रत्येकाला विचारलं, "तुझे किती झाले रे?" आणि जो आकडा सांगितला तो मान्य केला. एरवी अकरा दिवसांत सगळ्यांचे मिळून पन्नासेक खाडे होतात. त्या वेळी नव्वद निघाले. वाचणाऱ्यांपैकी ज्यांना हा परिच्छेद टोचतोय, त्यांनी तो पुन्हा वाचावा. एका दिवसाचे १०६ रुपये ६७ पैसे, चाळीस दिवसांचे किती होतात ते इंजिनिअरिंगच्या मुलांना सांगायला नको.

मी पैसे द्यायला गेले तर काकूंनी घेतले नाहीत. "पैसे नकोत गं. ते बरोबर करून आण," एवढंच म्हणाल्या. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

आता माझ्या मुद्द्यावर येते. प्रोग्रॅमिंगची पहिली पायरी शिकवायला सगळे टपलेले असतात. महाराष्ट्रात २००१ साली एम.के.सी.एल. स्थापन झालं, त्याच्या एम.एस.-सी.आय.टी.ने घरोघरच्या लोकांना कॉम्प्युटर वापरायला शिकवलं, ते मोठंच काम झालं. कॉलेजात आपण लूप, ॲरे, क्लास शिकतो. व्हिडिओत बटण ओढून फॉर्मवर टाकायला शिकतो. वरची टोकाची पायरी शिकवणारेही पुष्कळ, त्यांच्या जाहिरातीत 'पॅकेज' असतं. मधली पायरी कुणाचीच नाही. बटण दाबल्यावर फाइल उघडी नसेल तर काय, वीज गेली तर काय, माणसाने तेच बटण तीनदा दाबलं तर काय, हे कुठल्या युनिटमध्ये येतं? आपल्या जर्नलमध्ये 'आउटपुट' म्हणून जे चिकटवतो ते नेहमी बरोबर आलेलं आउटपुट असतं. चुकलेलं आउटपुट चिकटवलं तर सही मिळत नाही. (लॅबच्या मॅडम वाचत असतील तर राग मानू नये. तुम्हाला साठ जर्नलं तपासायची असतात हे मी बघितलेलं आहे.)

शनिवार पेठेतल्या सरांनी पहिल्या दिवशी फळ्यावर काहीच लिहिलं नाही. प्रत्येकाला विचारलं, तुमच्या प्रोग्रॅममध्ये चूक झाली तर ती सगळ्यात आधी कोणाला कळते? मी काकूंची हकिगत सांगितली. वर्ग हसला, सर हसले नाहीत. म्हणाले, "तुझ्या प्रोग्रॅमला चूक कळली होती. त्याने ती गिळली. गिळायला तू सांगितलंस." मग पूर्ण तीन तास फक्त एक्सेप्शन. कुठली चूक तिथल्या तिथे निस्तरायची, कुठली वर पाठवायची, कुठली माणसाला त्याच्या भाषेत सांगायची, आणि कुठल्या चुकीनंतर प्रोग्रॅम बंद पडलेलाच बरा. हे सगळं ए.आय.ला विचारलं तर तोही सांगतो, मी नंतर विचारून बघितलं. पण मुळात विचारायचं असतं हेच मला माहीत नव्हतं ना!

आता थ्रेडची गोष्ट. 'थ्रेड इज अ लाइटवेट प्रोसेस.' हे वाक्य मी परीक्षेत लिहिलंय, मार्क घेतलेत, ओरलला न अडखळता म्हटलंय. माझं इंग्रजी चांगलं आहे, त्यामुळे समोरच्याला वाटतं मला समजलंय. मलाही वाटायचं. मात्र सदतीस जणांची बिलं एकदम काढायला लागले की माझा फॉर्म पांढरा पडायचा, वर 'नॉट रिस्पॉन्डिंग', आणि काकू बटण पुन्हा पुन्हा दाबायच्या. सरांनी फळ्यावर खालच्या कोपऱ्यावरचं अमृततुल्य काढलं. गल्ल्यावर मालक बसलाय, तोच ऑर्डर घेतो. दूध संपलं. मालक स्वतः दूध आणायला गेला तर गिऱ्हाईक ताटकळत उभं राहणार, म्हणजे फॉर्म गोठला. म्हणून पोऱ्याला पाठवायचं, हा दुसरा थ्रेड. पण पोऱ्या परत आला की त्याने थेट गल्ल्यात हात घालायचा नाही! त्याने मालकाला सांगायचं, गल्ला मालकच उघडणार. विंडोज फॉर्म्समध्ये पडद्यावरच्या कंट्रोलला दुसऱ्या थ्रेडने हात लावायचा नसतो, 'इन्व्होक' करून मूळ थ्रेडला सांगायचं असतं, ते हेच. मग २००५ सालच्या डॉट नेट २.० मधला बॅकग्राउंड वर्कर, आणि २०१२ मध्ये सी शार्पमध्ये आलेलं असिंक-अवेट, दोन्ही त्याच फळ्यावर, त्याच चहावाल्याच्या शेजारी.

मला एक गोष्ट तिथे बसल्या बसल्या फार लागली. आपल्या वर्गात लातूर-नांदेडहून आलेली, दहावीपर्यंत मराठीतून शिकलेली मुलं आहेत. ती व्याख्या अडखळत म्हणतात म्हणून आपण समजतो त्यांना येत नाही. मी न अडखळता म्हणते म्हणून मला येतं, असं समजतो. दोघांनाही चहावाला कोणी सांगितलेला नसतो. सगळं मराठीत शिकवा असं माझं म्हणणं नाही, कोड, एरर, डॉक्युमेंटेशन इंग्रजीतच आहे आणि ते वाचता आलंच पाहिजे. पण 'क्लासरूममध्ये इंग्रजीच बोला' ही पाटी निदान लॅबमधून काढावी. तिथे तरी समजणं महत्त्वाचं.

व्हिडिओबद्दल माझी एकच तक्रार आहे, व्हिडिओतला कोड चालतो. शिकवणाऱ्याने न चाललेले भाग कापून टाकलेले असतात. वर्गात चौदा माणसं असतात आणि चौदा तऱ्हेने चुकतात. आमच्यात एका सी.ए.च्या ऑफिसातला दादा होता, डिप्लोमाची दोन मुलं होती, बँकेतून रिटायर झालेले एक काका होते (सोसायटीचा हिशेब स्वतः प्रोग्रॅम लिहून ठेवणार म्हणत), आणि अप्पा बळवंत चौकातल्या पुस्तकांच्या दुकानातला एक मुलगा. त्या दुकानाचं बिलिंग अजून व्हिज्युअल बेसिक ६ मध्ये आहे. ते १९९८ चं. त्याच्या एडिटरचा सपोर्ट मायक्रोसॉफ्टने २००८ मध्ये बंद केला, पण त्यात केलेले प्रोग्रॅम आजच्या विंडोजवरही चालतात, आणि जूनमध्ये पाठ्यपुस्तकांच्या गर्दीत चाललेच पाहिजेत. प्रोग्रॅम लिहिणारा गृहस्थ कधीच दुसरीकडे निघून गेला. सोर्स कोड कुणाकडे नाही. तो मुलगा ते नव्याने लिहायला शिकत होता. डेस्कटॉप मेला म्हणणाऱ्यांनी एकदा जूनच्या शनिवारी त्या चौकात उभं राहून बघावं.

दर रविवारी शेवटचा अर्धा तास खुर्च्या बदलायच्या. आपला प्रोग्रॅम दुसऱ्याने चालवायचा, आपण मागे उभं राहायचं आणि तोंड उघडायचं नाही! माझ्या खुर्चीवर बँकेतले काका आले. त्यांनी माझं हिरवं 'सेव्ह' बटण सोडून वरचा फुलीचा कोपरा दाबला, कारण बँकेत त्यांना बंद करताना विचारणारा प्रोग्रॅम सवयीचा होता. माझा विचारत नव्हता. त्या अर्ध्या तासात मी जेवढं शिकले तेवढं... असो. मी मागे उभी राहून ओठ चावत होते एवढं खरं.

पैशांचा धडा छोटा पण पक्का. मी रकमा 'डबल'मध्ये ठेवल्या होत्या. डबल दशांश अपूर्णांक नेमका साठवू शकत नाही, त्यात ०.१ आणि ०.२ ची बेरीज ०.३ शी जुळत नाही. पैशाला 'डेसिमल' वापरायचं. बँकेतल्या काकांना हे आधीपासून ठाऊक होतं.

सगळ्यात जास्त वेळ मात्र नावांनी खाल्ला. काकूंच्या वहीत क्षितिजा आणि ज्ञानेश्वर शेवटच्या पानावर, बाराखडीच्या क्रमाने. माझ्या यादीत क्षितिजा 'क'च्या शेपटाला आणि ज्ञानेश्वर 'ज'च्या. काकू म्हणणार, "क्षितिजा कुठं गेली?" कारण सरळ आहे. युनिकोडमध्ये 'क्ष' हे वेगळं अक्षर नाहीच, तो क, हलन्त आणि ष यांचा जोड आहे, म्हणून नुसत्या कोड नंबरांवर क्रम लावला की तो 'क'मध्ये जातो. 'ळ' तर 'ल'च्या लगेच मागे आहे, आपल्याकडे तो 'ह'नंतर म्हणतात. 'ॲ' युनिकोडमध्ये आला २००८ साली. त्यातून काकूंच्या मुलाने जुनी यादी डी.टी.पी.वाल्याकडून आणली होती, ती जुन्या फॉन्टमधली, माझ्या टेक्स्टबॉक्समध्ये चिकटवल्यावर शिव्या दिल्यासारखी दिसायची. शेवटी सदतीस नावं हाताने टाइप केली आणि क्रम लावायला स्वतःचा तुलना करणारा क्लास लिहिला. चाळीस ओळींचा असेल. आख्ख्या इंजिनिअरिंगमध्ये मी केलेली ही पहिली गोष्ट आहे जी मला कुठून उतरवून काढता आली नाही.

क्लास म्हणजे स्वर्ग असं समजू नका. पंखा कुरकुरतो. फी साडेपाच हजार, ती हॉस्टेलवरच्या मुलीला थोडी नाही. सरांना वेबबद्दल आकस आहे, तो उगीचच. विंडोज फॉर्म्स फक्त विंडोजवर चालतं ही गोष्ट त्यांनी सातव्या रविवारी सांगितली, तीही लिनक्सवाल्या मुलाने विचारलं म्हणून. त्याच पेठांमध्ये 'शंभर टक्के नोकरी' लिहिलेल्या पाट्यांखाली आठ दिवसांत सर्टिफिकेट देणारे क्लासही आहेत. तिथे गेलेल्या माझ्या एका मैत्रिणीला बटणाचा रंग बदलण्यापलीकडे काही आलं नाही. पण डेस्कटॉप जुनाट म्हणून हसणाऱ्यांना इतकं सांगते, की मायक्रोसॉफ्टने विंडोज फॉर्म्स २०१८ च्या डिसेंबरात ओपन सोर्स केलं आणि २०१९ मध्ये ते नव्या डॉट नेट कोअर ३.० मध्ये घेतलं. मेलेल्या वस्तूचं असं कोणी करत नाही. आणि पुण्याला तर हे सांगायलाच नको. कॅल्क्युलेटर दुरुस्त करणारे कैलास काटकर आणि त्यांचे भाऊ संजय यांची, १९९५ साली नोंदवलेली कंपनी लोकांच्या डेस्कटॉपवरचे व्हायरस काढून काढूनच क्विक हील झाली.

सरांचा एक ठेवणीतला विनोद आहे, दर बॅचला होतो म्हणे. ट्रान्झॅक्शन आणि बॅकअप शिकवायच्या दिवशी ते खिडकीतून वाड्याकडे बोट दाखवतात. "१७३२ ला वास्तुशांत, १८२८ ला आग. वरचे लाकडी मजले गेले, दगडी जोतं आणि तट राहिला. तुमचा फॉर्म म्हणजे मजले. जळू दे. जोतं कुठंय तुमचं?" माझं जोतं सी.एस.व्ही. होतं. आता एसक्यूलाइट आहे. सगळे खाडे एका ट्रान्झॅक्शनमध्ये जातात, म्हणजे लिहिले तर सगळे, नाहीतर एकही नाही. रोज रात्री पेनड्राइव्हवर एक प्रत. लिहिता आलं नाही तर पडदाभर लाल चौकट येते आणि मराठीत सांगते, "आजचे खाडे साठवले गेले नाहीत. वहीत लिहून ठेवा आणि मला फोन करा." खाली माझा नंबर.

कॉलेजकडे माझं मागणं लहान आहे. थर्ड इयरला आपण सगळे 'स्टुडंट मॅनेजमेंट सिस्टिम' करतो, मागच्या वर्षीची, नाव बदलून. त्याऐवजी प्रत्येक ग्रुपला एक खरा माणूस द्या. खानावळ, झेरॉक्सवाला, वॉचमनकाकांचं रजिस्टर, लायब्ररीतली कुलपाची किल्ली कोणाकडे आहे ते. सही मार्गदर्शकांची असू द्या, पण त्याच्या शेजारी त्या माणसाचीही घ्या, दोन महिने वापरल्यानंतर. आणि जर्नलमध्ये एक पान चुकलेल्या आउटपुटचं ठेवा.

बारा रविवार संपले तेव्हा सुधारलेला प्रोग्रॅम घेऊन मी काकूंकडे गेले आणि म्हटलं, या वेळी वही बंद करू नका. त्या म्हणाल्या, "करणारच नव्हते." आता एक तारखेला आम्ही दोघी बसतो, त्या वहीतला आकडा वाचतात, मी पडद्यावरचा. पहिले दोन महिने सगळं जुळलं. तिसऱ्या महिन्यात एका खाड्याचा फरक आला. अर्धा तास कोड बघत बसले, मग काकूंनी वहीवर बोट ठेवलं. तो खाडा माझा होता. एका शनिवारी मी घरी गेले होते. त्यांनी वहीत लिहिलं होतं, आणि लॅपटॉपवर "माझं मीच टाकते" म्हणून मी त्यांच्या हातून माउस घेतला होता आणि गप्पांत विसरून गेले होते.